चिपचं कार्ड पुन्हा पुन्हा ‘एरर’ देतंय? मशीनने पिन मागितला होता का, ते आधी आठवा

दुकानांमध्ये कार्डाची मशीन बसवणं आणि ती बिघडली की जाऊन बघणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ‘कार्ड चालत नाही’ हे वाक्य मी गिऱ्हाइकाकडूनही ऐकतो आणि दुकानदाराकडूनही. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब, दुकानदार म्हणतो कार्ड खराब. दोघांना मी एकच प्रश्न विचारतो: मशीनने पिन मागितला होता का?

मागितला असेल तर चिप बहुतेक धडधाकट आहे. पिनचा रकाना स्क्रीनवर येईपर्यंत मशीनने चिपला वीज दिलेली असते, चिपने उत्तर दिलेलं असतं, कार्ड रूपे आहे की व्हिसा की मास्टरकार्ड, मुदत कधी संपते, पिन कुठल्या पद्धतीने तपासायचा, हे सगळं वाचून झालेलं असतं. त्यापुढे जे अडतं ते बहुधा बँकेत, नेटवर्कमध्ये किंवा तुमच्याच ॲपमधल्या एखाद्या बंद बटणात. तिथे कार्ड शर्टाला पुसून काही उपयोग नाही.

पिन मागायच्या आधीच ‘चिप रीड एरर’, ‘कार्ड एरर’, ‘प्लीज इन्सर्ट कार्ड’ असं काही आलं, किंवा मशीन ढिम्म राहिलं, तर मात्र भानगड चिप आणि मशीन यांच्या स्पर्शात आहे. पुसापुशी, दुसरं मशीन, नवं कार्ड, हे उपाय या बाजूचे.

ही कसोटी दुकानातल्या मशीनची आणि कार्ड खाचेत घालून करायची. टॅप करताना, म्हणजे कार्ड मशीनवर नुसतं टेकवताना, ५,००० रुपयांपर्यंत पिन मागितलाच जात नाही, तेव्हा त्यावरून काही कळत नाही. एटीएमचंही वेगळं; काही एटीएम पिन आधी विचारून घेतात आणि चिपशी नंतर बोलतात. एटीएमचं पुढे सांगतो.

पिनच्या आधीच अडलं तर

कार्डावर जो सोनेरी चौकोन दिसतो तो चिप नव्हे. ती चिपची वरची पट्टी. खरी चिप म्हणजे त्या पट्टीच्या पाठीमागे चिकटवलेला सिलिकॉनचा बारका तुकडा, आणि केसाहून बारीक तारांनी तो पट्टीच्या भागांना जोडलेला असतो. पट्टी नीट बघा, तिच्यावर रेघा मारून सहा किंवा आठ कप्पे पाडलेले दिसतील. त्यांतले पाच कामाचे: एकातून वीज येते, एक जमिनीचा म्हणजे अर्थचा, एकावरून चिप चालू होण्याची सूचना, एकावर घड्याळाचा ठोका आणि एकावरून सगळी बोलणी. मशीनच्या खाचेत आत बारीक स्प्रिंगची टोकं असतात, ती या कप्प्यांवर टेकतात. पाचांतलं एक टोक जरी नीट टेकलं नाही तरी मशीनच्या दृष्टीने कार्ड मेलेलं. म्हणूनच एकाच कार्डाची तक्रार ‘सकाळी चाललं, संध्याकाळी नाही’ अशी असते.

चिपमध्ये बॅटरी नसते. ‘बरेच दिवस वापरलं नाही म्हणून चिप उतरली असेल’ हा समज बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो. चिपला लागणारी वीज दर वेळी मशीनच देतं. कपाटात पडून राहिल्याने चिप मरत नाही. मात्र खात्यात दोन वर्षं काहीच व्यवहार नसेल तर खातंच निष्क्रिय होतं, आणि मग कार्ड नाकारलं जातं. पण ते पिननंतरचं दुखणं आहे.

स्पर्श बिघडण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे थर. घाम, तेल, हातावरचं क्रीम, पाकिटाच्या नकली चामड्याचं सुटलेलं आवरण. गावाकडे कार्ड चंचीत असतं, तिथे चुना आणि तंबाखूची पूड बसते. सोन्याला चुन्याने काही होत नाही, पण वाळलेल्या चुन्याचा थर वीज जाऊ देत नाही. कोकणात पावसाळ्यात पाकिटं ओलसरच राहतात. पट्टीच्या कडेने काळपट-हिरवट छटा दिसायला लागली तर सोन्याच्या मुलाम्याखालचा धातू उघडा पडला असं समजा. तो पुसून परत सोनेरी होत नाही.

स्वच्छ कसं करायचं? सुती, मऊ, कोरडं कापड. चष्मा पुसायचं असेल तर उत्तम. आधी नुसतं कोरडं पुसा. जमलं नाही तर कापडाच्या कोपऱ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात याला ‘आयपीए’ म्हणतात, औषधाच्या दुकानातही मिळतं. पट्टीवरून एकाच दिशेने दोन-तीनदा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. थेंब कापडावर घ्यायचा, कार्डावर ओतायचा नाही. पट्टीच्या कडेतून आत गेलेला द्रव गोंद सैल करतो. हाताला लावायचं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते स्वतःचाच थर ठेवून जातं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर ते कार्डाचं प्लास्टिक खातं. टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, पॉलिश पेपर यांच्याबद्दल लिहायची गरज पडू नये, पण पॉलिश पेपरने घासलेली कार्डं मी बघितली आहेत. वरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. एकदा गेला की गेला.

खोडरबराचं विचाराल, तर बरेच जण पेन्सिलचा पांढरा मऊ रबर वापरतात आणि त्याने कार्ड चालूही होतं. वाळलेला थर कशानेच निघत नसेल तर एकदा, हलक्या हाताने, ठीक आहे. दर आठवड्याला तसं करावं लागत असेल तर दोष मळाचा नाही, आणि तुम्ही मुलामा झिजवत बसला आहात. पेनाची शाई खोडायचा निळा-खरखरीत रबर तर मुळीच नको.

एक जुनी युक्ती अजून लोकांच्या हातात आहे. कार्डामागची काळी चुंबकीय पट्टी घासायच्या जमान्यात कार्ड वाचलं गेलं नाही की दुकानदार त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून स्वाइप करायचा, आणि ते चालायचं. चुंबकीय पट्टी प्लास्टिकमधूनही वाचता येते. चिपला धातूचा धातूशी स्पर्श लागतो. पिशवी गुंडाळून चिप खाचेत घालणं म्हणजे काम होण्याची उरलीसुरली शक्यता संपवणं, शिवाय पिशवीचा तुकडा आत राहिला तर पुढच्या प्रत्येकाचं कार्ड अडणार.

पुसूनही जमत नाही तेव्हा कार्ड उजेडात आडवं, डोळ्यांच्या रेषेत धरा. बघायचं ते असं: चौकोनाची एखादी कड वर आली आहे का, पट्टीवर आडवी रेघ किंवा चीर आहे का, चौकोनाच्या आसपास प्लास्टिक पांढरं पडलं आहे का. पांढरी रेघ म्हणजे कार्ड तिथे वाकलं होतं. मागच्या खिशात पाकीट ठेवून दुचाकीवर बसणाऱ्यांच्या कार्डांत हे नेहमीचं. प्लास्टिक वाकून सरळ होतं, सिलिकॉन होत नाही. त्याला चीर जाते किंवा आतली तार तुटते. तार अर्धवट तुटली असेल तर दाबलं की जुळते, सोडलं की सुटते. मशीनमध्ये कार्ड घातल्यावर अंगठ्याने दाबून धरलं तरच चालतं, अशी अवस्था आली की ते कार्ड संपत आलं आहे. दाबून दाबून काही दिवस निघतील. पण प्रवासाला निघण्याआधी, दवाखान्याचं बिल भरायच्या आधी बदलून घ्या. अशी कार्डं नेमकी तेव्हा दगा देतात असं मी म्हणणार नाही, पण गैरसोय तेव्हाच जास्त होते.

चौकोन सुटत आला असेल तर फेविक्विकचा थेंब लावून बसवायचा मोह टाळा. तो गोंद कडेने पसरून कप्प्यांवर येतो, कार्डाची जाडी वाढवतो आणि चौकोन नेमका सुटतो तो एटीएमच्या आत.

मग स्वाइप करा की!

हे दर वेळी कुणीतरी म्हणतंच. कार्डाच्या मागे काळी पट्टी अजून आहे, मग तिने काम भागवायला काय हरकत? हरकत पट्टीतच लिहिलेली आहे. पट्टीवर तीन अंकी सेवा-संकेत असतो. त्याचा पहिला अंक २ किंवा ६ असेल तर या कार्डाला चिप आहे असं मशीनला कळतं. म्हणून घासलं की स्क्रीनवर ‘यूज चिप’ येतं. मशीन हट्टीपणा करत नाही, तसं करायला त्याला सांगितलेलं असतं.

पट्टीवरची माहिती कायम तीच, त्यामुळे एकदा कुणी ती उतरवून घेतली की तसंच दुसरं कार्ड बनवता येतं. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा गुप्त संकेत तयार करते आणि आतला व्यवहारांचा आकडा एकाने वाढवते. जुना संकेत चोरून पुन्हा वापरला तर बँक तो ओळखते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला होता. नुसत्या पट्टीची कार्डं ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची द्या, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश त्याच्या बराच आधीपासून होता. तेव्हा ‘चिप नाही तर पट्टी’ ही पळवाट आपल्याकडे जवळपास बंद आहे, आणि दुकानदाराशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दोष कार्डाचा की मशीनचा

तुमचं कार्ड एका दुकानात अडलं, तर त्याच मशीनमध्ये दुसऱ्या कुणाचं कार्ड घालून बघायला सांगा. तेही अडलं तर मशीन. फक्त तुमचं अडलं तर ते आणखी एक-दोन वेगळ्या दुकानांत घालून बघा. नव्या मशीनच्या स्प्रिंगा ताठ असतात, त्या थोड्या झिजलेल्या सोनेरी पट्टीलाही पकडतात. जुन्या मशीनला तेच कार्ड वाचता येत नाही. त्यामुळे ‘मॉलमध्ये चालतं, किराणा दुकानात नाही’ यात दोघांचाही थोडा थोडा दोष असू शकतो.

दुकानदारांसाठी थोडं. यूपीआय आल्यापासून कार्डाची खाच दिवसेंदिवस रिकामी असते आणि मशीन गल्ल्याशेजारी पडून असतं. आत पीठ, हळद, सुताचे धागे, स्टेपलरची पिन, काहीही सापडतं. मशीन बंद करा आणि खाच साफ करण्यासाठी मिळणारं क्लीनिंग कार्ड वापरा. ते ज्यांनी मशीन दिलं त्यांच्याकडे मागता येतं. तोंडाने फुंकर मारू नका, तुमच्या श्वासातला ओलावा आत जातो. ओला कागद दुमडून आत सरकवू नका. सुई-टाचणीने स्प्रिंग वाकवली तर मशीनच बदलावं लागेल. आणि गिऱ्हाइकाचं कार्ड खाचेत पूर्ण जाईपर्यंत ढकला. अर्ध्यावर थांबलं की स्प्रिंगा भलत्याच कप्प्यांवर टेकतात आणि मशीन ते कार्ड खराब ठरवून मोकळं होतं. चौकोन वर आणि पुढे, एका दमात आत, ‘रिमूव्ह कार्ड’ येईपर्यंत हात लावायचा नाही. घाईने आधीच ओढलं तर चांगल्या कार्डाचाही व्यवहार मध्येच तुटतो.

खाचेत चालतं, टॅप होत नाही

इथे पहिला संशय चिपवर घेऊ नका. १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं की नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएममध्ये आणि दुकानातल्या मशीनच्या खाचेत चालेल. ऑनलाइन, परदेशात आणि टॅप, या तिन्ही गोष्टी ग्राहकाने स्वतः चालू करायच्या. ही बटणं बँकेच्या ॲपमध्ये ‘कार्ड कंट्रोल’, ‘मॅनेज कार्ड’ अशा नावाखाली असतात. कार्ड बदलून आलं की जुन्या कार्डाची सेटिंग आपोआप येत नाहीत, म्हणून ‘नवं कार्ड जुन्यापेक्षा वाईट निघालं’ ही तक्रार इतकी येते. काही बँकांत टॅप सुरू होण्याआधी एक व्यवहार चिप आणि पिनने करावा लागतो. एटीएममध्ये शिल्लक तपासून घेतली तरी पुष्कळदा भागतं.

बटण चालू आहे आणि तरी टॅप होत नाही, तर कार्डावर लहरींसारख्या चार वक्र रेषांची खूण आहे ना ते बघा. खूण नसेल तर त्या कार्डाला टॅपची सोयच नाही. खूण असेल तर कार्ड पाकिटातून बाहेर काढून, मशीनवर तीच खूण असते तिथे, अगदी जवळ, क्षणभर स्थिर धरा. पाकिटासकट टेकवलं आणि आत दोन-तीन टॅपची कार्डं असली तर मशीन गोंधळतं. काहीजण झटकन लावून उचलतात, तेही जमत नाही.

टॅपसाठी कार्डाच्या प्लास्टिकमध्ये तांब्याच्या तारेचे वेटोळे असतात, कडेकडेने फिरवलेले. मशीनच्या लहरींतून त्यात वीज तयार होते आणि चिप जागी होते. म्हणून कार्डाला भोक पाडून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवणाऱ्याचं टॅप गेलंच म्हणून समजा. कोपरा कापला, कडेला चीर गेली, तरी तेच. खाच मात्र चालत राहते, कारण तो रस्ता वेगळा.

घरी तपासायचं असेल तर ज्या अँड्रॉइड फोनला एनएफसी (टॅपच्या लहरींनी बोलायची सोय) आहे त्याचं एनएफसी चालू करून कार्ड फोनच्या पाठीला लावा. फोन टिंग करतो किंवा थरथरतो. म्हणजे वेटोळं आणि चिप दोन्ही जिवंत. यासाठी कुठलंही ॲप लागत नाही, आणि ‘कार्ड तपासून देतो, हे ॲप घ्या आणि कार्ड फोनला लावा’ असं कुणी फोनवर सांगत असेल तर तो चोर आहे. कार्ड फोनला लावून दुसरीकडे त्याचा व्यवहार करणारे प्रकार चालू आहेत.

टॅप चालतं पण खाच नाही, हे उलट प्रकरण. तिथे चिप ठीक आहे, सोनेरी पट्टीचा स्पर्श गेला आहे. पुसून बघा, नाही जमलं तर नवं कार्ड येईपर्यंत टॅप करून दिवस काढता येतील. ५,००० रुपयांच्या वरही टॅप करून मग पिन टाकता येतो, मशीनला ती सोय असेल तर.

पिन मागितला, मग नकार आला

या वेळी मशीनमधून निघालेली चिठ्ठी फेकू नका, स्क्रीनवरचा आकडा वाचा. बँकेचं उत्तर दोन अंकी संकेतात येतं. ते आलं म्हणजे तुमची चिप वाचली गेली होती, एवढं तर नक्कीच.

५१ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. ५५ चुकीचा पिन. ७५ म्हणजे पिन चुकवण्याच्या संधी संपल्या. बहुतेक बँकांत तीन चुकांनंतर कार्ड त्या दिवसापुरतं अडतं, तेव्हा चौथ्यांदा अंदाज लावू नका, ॲपमधून नवा पिन बनवा. ५४ म्हणजे मुदत संपली. कार्डावर छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालतं, नंतर नाही. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली, ६५ म्हणजे दिवसातल्या व्यवहारांची संख्या संपली. रकमेची मर्यादा ॲपमध्ये बदलता येते. लग्नाच्या खरेदीला सोनाराकडे जाणाऱ्यांनी ती घरूनच बदलून निघावं, तिथे बाकीच्यांना ताटकळत ठेवून ॲपचा पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा. ५७ म्हणजे या प्रकारचा व्यवहार या कार्डाला मना आहे. परदेशात गेलेल्यांना हा हमखास दिसतो, कारण आंतरराष्ट्रीय वापराचं बटण बंद असतं. ९१ म्हणजे बँकेचं सर्व्हर उत्तर देत नाही, थोड्या वेळाने करा.

०५ हा सगळ्यात वैतागवाणा. ‘डू नॉट ऑनर’. बँक नाही म्हणते आणि कारण सांगत नाही. खातं निष्क्रिय, केवायसी राहिलेली, व्यवहार संशयास्पद वाटला, काहीही असू शकतं. दुकानदाराला किंवा मला विचारून उपयोग नाही. आमच्यापर्यंत फक्त ते दोन आकडे येतात. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर नको, त्यातले बरेच ठगांनी टाकलेले असतात.

आकडाच आला नाही, नुसतं ‘कनेक्शन फेल’ किंवा ‘टाइमआऊट’ आलं, तर मशीनमधलं सिम किंवा वायफाय. तळघरातल्या दुकानांत हे कायमचं. मशीन दाराशी नेऊन बघायला सांगा.

पैसे कापले गेल्याचा मेसेज आला पण दुकानदाराकडे चिठ्ठी निघाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवस, आणि त्यापुढे बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून गेल्या, त्यालाही हाच नियम. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो घालून दिला आहे. शाखेत हा नियम बोलून दाखवला की काम लवकर हलतं, हा माझा अनुभव. चिठ्ठी न मिळता पुन्हा कार्ड घालण्याआधी मात्र मोबाईलवरचा मेसेज बघून घ्या, नाहीतर दोनदा पैसे जातात.

एटीएमची तऱ्हा

जुन्या एटीएममध्ये कार्ड घालून लगेच काढायचं असायचं, मग पिन. हाताला ती सवय अजून आहे. चिपच्या कार्डाला एटीएम व्यवहार संपेपर्यंत धरून ठेवतं, कारण बोलणी शेवटपर्यंत चिपशीच चालतात. बरेच जण कार्ड ओढत राहतात, काही ओरबाडून काढतात. मग ‘अनएबल टू रीड कार्ड’. वयस्कर माणसांना हे एकदा शेजारी उभं राहून दाखवा: कार्ड आत राहू द्यायचं, पैसे घेताना काढायचं. पिन मात्र त्यांचा त्यांना टाकू द्या.

खाचेत काही चिकट लागलं, किंवा खाचेचा पुढचा भाग हलतो असं वाटलं, तर तिथे कार्ड घालू नका. कार्ड मुद्दाम अडकवून ठेवायचं, शेजारी मदतीचा खोटा नंबर चिकटवायचा आणि फोन करणाऱ्याकडून पिन काढून घ्यायचा, अशी फसवणूक होते. कार्ड खरंच आत गेलं तर तिथून हलण्याआधी ॲपमधून ते ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आणि बँकेला त्याच दिवशी कळवणं, दोन्ही.

मेट्रो-बसच्या कार्डाबद्दल एक ओळ, कारण तोही चिपचाच प्रश्न समजून लोक विचारतात. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात प्रवासाचे पैसे चिपमध्ये लिहिलेले असतात. ॲपमधून भरलेले पैसे स्थानकावरच्या मशीनला कार्ड लावून ‘अपडेट’ केल्याशिवाय चिपवर उतरत नाहीत. गेट उघडत नाही ते त्यामुळे.

सांभाळायचं कसं

मागच्या खिशातून बाहेर, एवढं केलं तरी खूप झालं. प्रत्येक कार्डाला वेगळा कप्पा, सोनेरी बाजू नाण्यांकडे नको. उन्हाळ्यात, त्यातही विदर्भात, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड ठेवू नका. प्लास्टिक मऊ होऊन वाकतं आणि वाकलेलं कार्ड एटीएमच्या खाचेत रुततं. खिशासकट धुतलं गेलं तर घाबरू नका, पुसून दिवसभर सावलीत वाळवा, बहुतेकदा वाचतं. इस्त्री किंवा ड्रायरने वाळवायला जाल तर वाचणार नाही. चुंबकाने चिपला काही होत नाही; पर्सच्या चुंबकी बटणाने बिघडली तर काळी पट्टी बिघडते.

लॅमिनेशन करू नका. कार्डाची जाडी जगभर ठरलेली आहे, पाऊण मिलिमीटरच्या जरा वर, ०.७६. लॅमिनेट केलेलं, सेलोटेप लावलेलं, देवाचा स्टिकर चिकटवलेलं कार्ड एटीएममध्ये जातं आणि येत नाही. देवाचा फोटो पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. पिन कार्डाच्या कव्हरवर लिहू नका, हे सांगायला नको, पण लिहिलेले दिसतात.

बदलून घेताना

शाखेत जाऊन ‘कार्ड हरवलं’ म्हणून मोकळे होऊ नका. हरवलं म्हटलं की ते हॉटलिस्ट होतं, म्हणजे कायमचं बंद, आणि नवा नंबर मिळतो. मग वीजबिल, विमा, मोबाईलचे जिथे जिथे आपोआप पैसे जातात तिथे नवं कार्ड पुन्हा जोडावं लागतं. ‘चिप वाचली जात नाही, खराब झालं आहे, बदलून हवं’ असं सांगा आणि नंबर तोच राहील का ते विचारा. काही बँका तोच ठेवतात. तरी मुदत आणि सीव्हीव्ही बदलतात, तेव्हा एकदा तपासावं लागतंच. शुल्क साधारण दोनशे-तीनशे रुपये आणि वर जीएसटी. कार्ड नवंच असून वाकलेलं-चिरलेलं नसेल तर शुल्क माफ होईल का, विचारून बघा. विचारणाऱ्यांना कधी कधी मिळतं.

नवं कार्ड हातात येईपर्यंत ज्या एटीएमवर यूपीआयने रोख काढायची सोय आहे तिथे क्यूआर स्कॅन करून पैसे निघतात. नवं आल्यावर आधी एटीएममध्ये जाऊन पिन बनवा, मग ॲपमध्ये हवी तेवढीच बटणं चालू करा. परदेशाचं बटण प्रवासाच्या आदल्या दिवशी चालू आणि परतल्यावर बंद. जुनं कार्ड कापताना कात्री सोनेरी चौकोनातून आणि काळ्या पट्टीतून, दोन्हींतून जाऊ द्या; नुसता कोपरा कापून कचऱ्यात टाकलेल्या कार्डाची चिप शाबूत असते.